नवसाची गाठ

मी जिंतूरला शाळेत मराठी शिकवते. फळ्यावर 'गाठ' लिहिते आणि तिचं कूळ सांगते. संस्कृतात ग्रंथि, प्राकृतात गंठि, मग आपली गाठ. पानं दोऱ्यानं बांधायची म्हणून ग्रंथ, तोही ह्याच घराण्यातला. एवढं होईस्तोवर पोरं जांभया द्यायला लागतात. देऊ देत. मलाही हल्ली त्याचं काही वाटत नाही.

माझे वडील, आबा, सुतार. बाभळीच्या फळीवर रंधा अडला की म्हणायचे, "गाठ हाय. हितं फांदी होती." झाड वाढत जातं, फांदीचं बूड आत राहतं, आणि तेवढ्या जागी लाकूड असं हट्टी होतं की खिळासुद्धा वाकतो. आबा त्या गाठीला दोन शिव्या हासडायचे आणि पुन्हा रंधा धरायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या मानेत गाठ निघाली. परभणीला डॉक्टरांनी तपासलं आणि उशीर झालाय म्हणाले. आईनं त्याच संध्याकाळी पिवळ्या फडक्यात सुपारी आणि तांदूळ बांधले, पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलली आणि फडकं देव्हाऱ्यात ठेवलं. आमच्यात रीत अशी, की काम झालं की देवापुढं जाऊन ती गाठ सोडायची. तोवर हात लावायचा नाही.

काम झालं नाही. आबा गेले.

तेरावं उरकलं तरी फडकं तिथंच. सोनपेठची आत्या निघताना म्हणाली, "वैनी, आणा इकडं. मी आमच्या गावच्या गंगेत सोडून देते."

आई खेकसलीच. "काम झालं न्हाई त सोडायची कशी? देवाकडं हाय अजून!"

आई रोज त्या फडक्यापुढं दिवा लावायची, आबांच्या वाटणीची भाकरी थापायची. रडली मात्र नाही. मला लय राग यायचा तिचा. रडले मीही नव्हते म्हणा. शाळा, बस, वह्या तपासणं, सगळं चालू होतं. आत काही हलत नव्हतं.

परवा सुट्टीत घरी गेले, तर आई ओसरीवर बसलेली, मांडीवर ते फडकं.

"बाई, माझ्या बोटांनी सुटंना गेलीय. तू सोड."

"पोखर्णीला जायचं ना पण?"

"कोणत्या तोंडानं जाऊ माय? सोड हितंच."

तेलानं, धुरानं गाठ पार दगड झाली होती. मी कात्री शोधायला उठले तर आईनं हात धरून खाली बसवलं. कापायची नसते म्हणे. नखं लावून पाहिली, शेवटी दातांनी ओढली. आत सुपारी तशीच होती, तांदळाला किडे लागले होते.

"सुटली?"

"सुटली."

"म्हंजी गेलेच की गं ते," आई म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

मी तांदळातले किडे निवडत बसले.