सर्व्हरवरचा मानपान

लग्नात मानपान असतो हे कुणालाही सांगावं लागत नाही. तो डेटाबेसमध्येही असतो, हे मात्र मला आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळानं शिकवलं, तेही चांगलं रडकुंडीला आणून.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी, घराला लागूनच माझा कॉम्प्युटर क्लास होता. मंडळाचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी, नात्यानं माझे लांबचे काकाजी. आता स्थळं इंटरनेटवर पाहतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. झालं! मला बोलावणं आलं. मी वेबसाइट केली आणि मुलामुलींची सगळी माहिती एका परदेशी कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली. आज त्याला क्लाऊड म्हणतात. काकाजी त्याला 'आपलं अमेरिकेतलं गोदाम' म्हणायचे.

शिक्षण, उंची, नोकरी हा भाग सगळ्यांसाठी होता. त्याखाली 'मंडळाचा शेरा', तो फक्त सदस्यांसाठी. आणि सदस्य काय मोकळ्या हातानं लिहायचे बाप्पा! 'मुलगा सज्जन, आई तोंडाळ.' 'बाप बोलता बोलता उठून जातो.' 'नको तिथे हसतो.'

माझा बेत साधा होता. सचिव, म्हणजे एक रिटायर हेडमास्तर, लिहितील आणि बाकीचे नुसतं वाचतील. बैठकीत हे सांगितलं, तर काकाजी ताडकन उठले.

"हेडमास्तर लिहीन आन् मी वाचू? मी का त्याच्या शाळेत हाव काय?"

मग काकाजींना सगळे अधिकार दिले. त्यावर हेडमास्तर रुसले. त्यांना दिले तर बाकीचे फुगून बसले. साडीचा रंग फिका निघाला की विहिणी रुसतात ना, अगदी तसं. शेवटी सगळ्यांना सगळे अधिकार. सदस्य आर्वी, वर्धा, जिथे असतील तिथल्या सायबर कॅफेत बसणार, म्हणून 'कुठूनही उघडेल' या चौकटीतही खूण. पासवर्डाचा विषय काढला तर काकाजी म्हणाले, "आपल्याच घरात जायले कुलूप कायले?"

घ्या! आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं.

काही दिवसांनी रोहण्याहून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. ते इतक्या जोरात बोलत होते की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"माह्या पोरीले रागीट कोन म्हनलं? नाव सांग त्याचं! रागीट काय असते ते दाखवतो त्याले!"

त्यांच्या पुण्यातल्या भाच्यानं ऑफिसात बसून आमचे शेरे वाचले होते. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, काहीही ओळख न देता, उघडून पाहिलं. सगळंच्या सगळं समोर आलं. आणि त्यात माझ्या धाकट्या बहिणीची ओळही होती: 'साक्षगंध मोडलं. कारण विचारावं.'

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तिनंच मोडलं होतं. लग्नानंतर शाळेतली नोकरी सोडावी लागेल, हे तिला अंगठी घातल्यावर सांगण्यात आलं. तिनं तिथल्या तिथे अंगठी काढून दिली. आता येत्या रविवारी हिंगणघाटचा मुलगा येणार होता आणि तो तिला फोटोतच आवडला होता. मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, त्यानं मी जास्तच घाबरलो.

"मले काही लपवायचं नाई, दादा," ती म्हणाली. "पन माही गोष्ट मी सांगीन. त्या अर्ध्या ओळीतून त्यानं वाचायची नाई. रविवारच्या आत बंद कर."

मी लगेच बसलो. 'कुठूनही' काढून फक्त माझ्या क्लासमधून उघडेल असं केलं. सगळ्यांचं मिळून असलेलं एकच खातं उडवलं, प्रत्येकाला वेगळं, नुसतं वाचण्यापुरतं केलं, पासवर्ड घातला आणि शेरे झाकले. तासाभरात काकाजी आणि हेडमास्तर क्लासच्या दारात हजर.

"आमच्याच गोदामातून आमाले हाकलून राह्यला तू?" काकाजींचा चेहरा लाल झाला होता. "आत्ताच्या आत्ता उघड. नाईतर दुसरा मानूस पाहू आमी."

सर्व्हर त्यांच्या नावावर होता, ते खरंच उघडून घेऊ शकत होते. धोका, भाचा, रोहण्याचा फोन, मी सगळं सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी चिडूनच विचारलं, "काकाजी, वरबाप पंगतीत वाढतो का हो?"

"तो कायले वाढीन? लोडाले टेकून बसते तो."

"मग? लिहिणं, शोधणं, चाव्या सांभाळणं ही वाढप्याची कामं. तुम्ही अध्यक्ष! तुमच्या हाती वाढणं द्यायचं आम्ही? म्हणून तुमच्या नावावर एकही अधिकार ठेवायचा नाही."

काकाजी आत येऊन बसले. मग खुर्चीत मागे रेलले. "बरोबर हाय," ते म्हणाले.

हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला. "मग मले वाचायचा अधिकार काऊन ठेवला? मी का वाढपी हाव?"

संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचेही फोन आले, आमचाही अधिकार काढ म्हणून. गरजेपेक्षा एकही अधिकार जास्त देऊ नये, हे लोकांच्या गळी उतरवायला मोठमोठ्या कंपन्या घाम गाळतात. आमच्याकडे त्यासाठी भांडणं झाली. शेवटी वाढपी म्हणून मी एकटा उरलो. मी इतका खूश होतो की क्लासच्या पोरांना समोसे खाऊ घातले.

रविवारी पाहुणे आले. घरात बसायला जागा नव्हती, म्हणून ती आणि तो क्लासमध्ये, कॉम्प्युटरच्या रांगेत जाऊन बसले. मी बाहेर येरझारा घालत होतो. बऱ्याच वेळानं ती एकटी बाहेर आली.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"त्यानं वाचलं होतं, दादा. मागच्याच आठवड्यात."

वरातीमागून घोडं! एवढी सगळी उठाठेव करून मी पोचलो तो उशिराच. तिच्याकडे पाहायची हिंमत होईना.

"मी अंगठीपासून सगळं सांगितलं," ती म्हणाली, "आन् तो ऐकत राह्यला. मधात एकदाही 'माहीत आहे' म्हनला नाई. माहं बोलनं संपल्यावर सांगितलं त्यानं, वाचलं होतं म्हनून." तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसली, "असा ऐकून घेनारा एक तरी मानूस हाय का आपल्या घरात? जा, आईले सांग, माहा होकार हाय."