बर्फावरचा भेजा

आमचं मटणाचं दुकान कळंब्याच्या रस्त्याला होतं. नव्वद सालानंतर कधीतरी एक मॅडम बर्फाचा डबा घेऊन दारात आल्या. बकऱ्याचे भेजे पाहिजेत म्हणाल्या, ताजे. शिकलेल्या बाईला एवढे भेजे कशाला, हे मी तोंडावर विचारलं. प्रयोगशाळेत त्यावर संशोधन करते, म्हणाल्या.

दुकानात जोडीला बायको असायची. मी तोडायचो, ती साफ करून द्यायची. मोठी बाई आलीय म्हणून तिनं भेजे हळदीच्या कोमट पाण्यात बुडवले, वरची रक्ताची पडदी नखानं सोलली आणि पांढरेशुभ्र करून डब्यात ठेवले. असा भेजा आम्ही खास गिऱ्हाइकालाच देत होतो. दुसऱ्या दिवशी मॅडम परत आल्या. सगळं वाया गेलं होतं. धुवायचं नाही, कवटीतून निघाला की थेट बर्फात ठेवायचा, एवढंच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बायको मात्र मलाच बोलत राहिली. "तुमास्नी आदी इचारायला काय झालतं?"

त्यानंतर भेजा बर्फात ठेवायचं काम तिनं मलासुद्धा करू दिलं नाही. मॅडम आल्या की चहा, आणि चहाबरोबर चौकशी. त्यातनं मला कळलं ते असं. जिवाच्या प्रत्येक पेशीत बारीक नळ्या असतात, मांडवाच्या मेढींसारख्या. भेज्यात तर खच्चून. गार केलं की त्या सुट्या होऊन विरतात, अंगाएवढी ऊब दिली की परत आपोआप उभ्या राहतात. मॅडम त्या नळ्या चरबीच्या पातळ पडद्याच्या बुडबुड्यात भरायच्या आणि पडद्याचं काय होतं ते बघायच्या. उपयोग काय, मी विचारलं. अजून माहीत नाही काका, म्हणाल्या. मला हसू आलं. बायकोला नाही आलं.

"आम्ही दिल्यालं कुठं जातंय, ते एकदा दाखवा की," ती म्हणाली.

एका सोमवारी दुकान बंद असताना गेलो. ती लग्नाला जावं तशी काठापदराचं नेसली होती. अंधारी खोली, आत दुर्बिणीचं यंत्र. मला गोल बुडबुडा दिसला. ऊब लागली तसा तो लांबट झाला, दोन्हीकडं टोकं निघाली. मग तिनं डोळा लावला आणि लावूनच बसली. ऊठ आता, मी म्हणालो.

"आतनं ढकलतंय बघा," ती मान वर न करता म्हणाली. "पोटात पोर पाय मारतंय तसं."

आमचं एकच पोर पोटात राहिलं होतं. पाय मारायला लागलं आणि गेलं. मॅडमना हे ठाऊक नव्हतं. पण गार करायची वेळ झाली तेव्हा त्या मदतनीसाला म्हणाल्या, मावशी बघतायत तोवर असू दे.

पुढं काही वर्षांनी तिच्या छातीत गाठ निघाली. सलाईनमधनं औषध सुरू झालं. मॅडम भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, हे औषध त्याच नळ्यांना धरून ठेवतं, हलू देत नाही, म्हणून गाठीला वाढता येत नाही. बायको खुश झाली. आपल्याच बकऱ्यांनी केलेलं औषध असल्यासारखं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत सुटली. त्याच औषधानं तिची बोटं बधिर झाली, हातातला कप कळायचा नाही, पडायचा. तरी तिचा भरवसा हलला नाही. मी व्हरांड्यात मॅडमना गाठून विचारलं, वाचंल का. त्या म्हणाल्या, काका, मला नळ्याच कळतात. खोटं बोलल्या असत्या तर चाललं असतं मला.

पौषात, दुपारच्या वेळी, तिचे पाय आधी गार पडले. मी चोळायला बसलो. पाय चोळले, मग हात. नर्स येऊन बघून गेली, डॉक्टर आले, सांगून गेले. मी थांबलो नाही. मॅडम आल्या तेव्हाही तिचा हात चोळतच होतो.

"ऊब दिली की परत उभ्या ऱ्हातात, म्हणालतासा न्हवं?"

मॅडमनी तिचा दुसरा हात धरला. म्हणाल्या, "मी ते काचेवर बघितलंय, काका. माणसात नाही."

माझ्याकडचा हात गरम झाला होता. मी सोडला की गार व्हायला लागायचा. म्हणून न्यायला माणसं येईपर्यंत मी सोडला नाही.