योशिको-सानच्या पणजोबांचा शेवटचा पत्ता

टोकियोच्या हानेदा विमानतळावरून सकाळचं विमान पकडलं तेव्हाच माझे गुडघे कुरकुरत होते. वीस वर्षं जपानात काढूनही होक्काइदो पाहायचं राहिलं होतं, आणि आताही पाहायला म्हणून निघाले नव्हते. आमच्या विहीणबाईंना, योशिको-सानना, सोबत हवी होती. त्यांचे पणजोबा तोयामाचं घर सोडून या उत्तरेच्या बेटावर जंगल तोडून शेती करायला गेले. आता त्यांच्या थडग्याकडे बघणारं तिकडे कोणी उरलेलं नाही. हाकाजिमाई (थडगं मोडून अस्थी दुसरीकडे नेणं) करायची की नाही, हे या फेरीत ठरवायचं होतं.

"आई, तू जा ना," लेक म्हणाली होती. "त्या एकट्या रडत बसतील."

पहिला मुक्काम ओतारू बंदर. पणजोबा बोटीतून इथे उतरले. योशिको-सान कोसेकी (घराण्याची सरकारी नोंद) छातीशी धरून धक्क्यावर उभ्या राहिल्या. मी बाक शोधला. मग गाड्या बदलत इशिकारी नदीकाठी. पणजोबांची इथली पहिली जमीन पुराने नेली. आता तिथे कांद्याचं शेत आहे, बघण्यासारखं काहीच नाही.

"इथून ते चालत निघाले," त्या म्हणाल्या. "बायको आणि तीन मुलं घेऊन."

माझा चेहरा बघून त्यांनी टॅक्सी बोलावली. दुसरी जमीन थंडीने बुडवली. ती आम्ही गाडीच्या खिडकीतून पाहिली, म्हणजे त्यांनी पाहिली, मी डुलक्या घेत होते.

तिसऱ्या दिवशी तोकाची, पणजोबांची शेवटची जमीन. दिवस हिगानचे (पूर्वजांच्या थडग्यांना जायचे), आपल्याकडे पितृपंधरवडा. योशिको-साननी दगड धुतला, उदबत्ती लावली, ओहागी (गोड पुरणात घोळवलेला भाताचा मुटका) ठेवला, हात जोडले आणि लगेच डबा भरायला घेतला. फाटकावर पाटी होती: कावळे येतात, नैवेद्य परत न्यावा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो थांबा, कावळा शिवू दे."

त्या बघतच राहिल्या. मी मोडक्यातोडक्या जपानीत समजावलं, की कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा उरली नाही. नाही शिवला, तर त्याला काय हवंय ते ओळखून कबूल करायचं. कचऱ्यात टाकायची बाटलीसुद्धा धुऊन टाकणाऱ्या त्या बाईने इकडेतिकडे पाहिलं आणि ओहागी पुन्हा दगडावर ठेवला.

झाडावर दोन कावळे होते. ढिम्म हलेनात.

"पणजोबा, तुम्हाला टोकियोला नेते," योशिको-सान हळूच म्हणाल्या. "जागा स्टेशनजवळ आहे. दर महिन्याला येईन."

कावळे तसेच बसून. मग त्यांचा आवाज बदलला. "नाही हलवत. पुष्कळ हललात."

कावळा उतरला आणि अख्खा ओहागी घेऊन गेला. योशिको-सान तोंड झाकून रडल्या. मलाही भरून आलं.

परतीच्या विमानात त्या माझ्या खांद्यावर गाढ झोपल्या होत्या. घरी पोचल्यावर लेकीने विचारलं, "ठरलं का?" मी म्हटलं, ठरलं, ते तिथेच राहणार.

माझी एक शंका मात्र मी दोघींनाही सांगितलेली नाही. योशिको-सान बोलत होत्या तेव्हा माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, म्हणून मी त्यांना हाताला धरून दहा पावलं मागच्या कट्ट्याकडे नेलं होतं. कावळा बहुधा आम्ही दगडापासून लांब जायचीच वाट बघत होता. नवऱ्याच्या बँकेच्या बदल्यांपायी या देशात मीही पाच घरं बदलली आहेत. माझ्या पिंडाच्या वेळी कोणी अशी दहा पावलं मागे सरलं तर बरं होईल.