हाव का?

नांदेडच्या दवाखान्यात कॅन्सरच्या पेशंटांशी बोलायला येणाऱ्या त्या बाई किनवट तालुक्यातल्या इस्लापूरकडच्या. दुष्काळाचं वर्ष होतं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. पण बाईंचं तोंड कायम हसरं. "आमचं किनवट जिल्हा होऊ द्या, असला दवाखाना तिथंच काढते," म्हणायच्या. खुर्ची सोडून खाटेवर टेकायच्या आणि काहीही सांगितलं की विचारायच्या, "हाव का?" म्हणजे, असं होय? खरं पटलं तर आखूड, नाही पटलं तर लांबलचक.

बायकोचा आजार पार लिव्हरपर्यंत गेला होता. मी मात्र चार महिने तिला अल्सर सांगत होतो. एके दिवशी तिच्यासमोरच बाईंनी विचारलं, "भाऊ, वहिनींना काय झालंय?"

"अल्सर."

"हाऽऽव का?"

बायको खुदकन हसली. "बाई, अल्सरनं केसं गळतेत व्हय? मला पहिल्यापासून म्हाईत हाय. हे जेवण सोडतील म्हणून मीच गप बसले."

तेव्हा मी कबूल केलं, की लपवलं ते तिच्यासाठी नाही. तिच्याशी हे बोलायचं मलाच भ्या वाटत होतं. बाई पडदा ओढून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता आपण खरं बोलून राहिलो तर सांगते," बायको म्हणाली, "मला बाईंच्या तिकडचं सहस्रकुंड बघायचंय."

"अगं, धबधबा आटलाय."

पडद्याआडून आवाज आला, "आटू द्या की, भाऊ! वहिनी, आमच्याकडचे दगड बी लई देखणे हायत."