तीन खेपा सर

बंद दार दिसलं की आम्हा सर्वेक्षणवाल्यांची तोंडं उतरायची आणि आमच्या प्रमुखांची, सरांची, कळी खुलायची. कॉम्प्युटरने निवडलेलं घर बंद असेल, तर वेगवेगळ्या वेळी तीन खेपा घालायच्या, हा त्यांचा नियम. त्याऐवजी शेजारचं उघडं घर उरकायची सोय नव्हती. आम्ही त्यांचं नावच 'तीन खेपा सर' पाडलं होतं.

मी एकदा लबाडी केली. अबू धाबीच्या पार टोकाला, रुवैसला, रिफायनरीतला दिवसपाळीवाला भेटेना, म्हणून शेजाऱ्याची उत्तरं त्याच्या नावावर भरून आणली. दिवसपाळीवाला माणूस भर सकाळी घरी कसा, एवढ्यावरून सरांनी दुबईत बसून मला पकडलं. "दिवसा सापडतात तेवढेच मोजलेस, तर अख्खा देश घरी बसलेला दिसेल. यल्ला, चल, परत जा." तीन तासांचा रस्ता मी चरफडत पुन्हा कापला.

घरीही तेच. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलं की चिवडा मिळे, पण आधी सर डबा खालीवर हलवत. शेंगदाणे तळाशी जातात, वरवरचा घेतला तर अंदाज चुकतो, हे त्यांचं शास्त्र. त्यापायी आपल्या चिवड्याचा भुगा होतो, ही त्यांच्या पत्नीची, काकूंची, कायमची तक्रार.

मग सरांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तरी ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. एका कंपनीत सल्लागार झालोय, असं त्यांनी काकूंना सांगितलं होतं, आम्हालाही. पुढच्या रोजगार सर्वेक्षणात माझ्या यादीत नेमकं त्यांचंच घर आलं.

काकू चहा घेऊन शेजारीच बसल्या होत्या. मी ठरलेला प्रश्न वाचला: गेल्या आठवड्यात मोबदला घेऊन एक तास तरी काम केलंत का? सरांनी एकदा काकूंकडे पाहिलं. मला सगळं कळलं. मी फॉर्म मिटत म्हटलं, "सर, मी शेजारचं घर घेते."

"घर बदलायचं नाही," सर म्हणाले. "माझ्या एका उत्तरावर माझ्यासारखी शेकडो घरं मोजली जातात. मी खोटं बोललो तर ती सगळी खोटी ठरतील. लिही. काम नाही. चार महिने शोधतोय."

काकूंनी कप खाली ठेवला. "मला सांगायला कॉम्प्युटरने निवडावं लागलं होय?"

व्हिसा संपेपर्यंत नोकरी मिळाली नाही. दोघं पुण्याला परतले. मला त्यांची फार आठवण येते.

सर्वेक्षणातली उत्तरं गुप्त असतात, म्हणून हे लिहिण्याआधी परवानगीसाठी सरांना फोन केला. सकाळी उचलला नाही, दुपारीही नाही. संध्याकाळी पहिल्याच रिंगला उचलला.

"लिही. आता हिला सगळं ठाऊक आहे," सर म्हणाले. "तू तिसरी खेप घालतेस का, तेवढंच बघत होतो."