जनूदादाच्या दाताखालचं लाकूड

आमच्या वखारीत लाकडापेक्षा किस्से जास्त साठतात. लाकूड निदान विकलं तरी जातं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. मोरवा गावाच्या बाजूला जळाऊ लाकडाची वखार, मी तिथं काट्यावर वजन करायला. लाकूड फोडायला तारोडी गावचा जनूदादा. आता स्पष्टच सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. कुठलंही लाकूड द्या, त्याची ढलपी काढून दाताखाली धरायचा, दोनदा चावायचा आणि झाडाचं नाव सांगायचा. मला फक्त एकदा, चारचौघांत, त्याच्या आधी नाव सांगायचं होतं. बाकी काही नको होतं मला.

* * *

एकदा बेकरीवाला बाभूळ न्यायला आला. मी ऐटीत ओंडके टेम्पोत टाकायला लागलो. जनूदादा पाठ करून चहा पीत बसला होता. तिसरा ओंडका आपटला तसा तिकडूनच म्हणाला, "ती बाभूळ न्हाय. शिरीष हाय."

बघितलं तर शिरीषच. तेव्हापासून बेकरीवाला गेटमधूनच ओरडायचा, "जनूभाई को बुलाओ." मी समोर उभा असायचो, तरी.

* * *

एका जुन्या घराचे वासे आले. मी छातीठोक सांगितलं, साग. जनूदादानं ढलपी चावली.

"फणस. तू रत्नागिरीचाच ना रे?"

महिनाभर सगळी वखार मला पुणेकर म्हणत होती.

* * *

मुंबईची खोली सोडून आम्ही वखारीजवळच पूनम सागर सोसायटीत फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला होमासाठी आंब्याचं लाकूड मी स्वतः निवडून नेलं. असा धूर झाला की भटजी आंघोळ केल्यासारखे रडले आणि वरच्या मजल्यावरचे लोक पाण्याच्या बादल्या घेऊन खाली आले.

दुसऱ्या दिवशी बायको उरलेला तुकडा पिशवीत घालून थेट वखारीत! जनूदादानं चावला.

"वैनी, गुलमोर हाय. त्यात वला."

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "आधीच भावजींना विचारायचं होतंत ना." भावजी! त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला.

* * *

मग मी इरेला पेटलो. करंजाचा एक तुकडा दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवला आणि भोळा चेहरा करून त्याच्या हातात दिला. म्हटलं, आता घे चव.

त्यानं चावला, थुंकला, तोंड पुसलं.

"वर राकेल, आत करंज."

आणि कुऱ्हाड उचलून कामाला लागला.

* * *

आणि मग त्या पेट्या आल्या. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात परदेशी मशीन आलं होतं, त्याची मोडकी खोकी आमच्याकडे जळणाला आली. लाकूड फिकट, वजनाला जड. जनूदादानं वास घेतला, वाजवून बघितलं, ढलपी तोंडात टाकली. चावतोय, चावतोय, नाव काही निघेना. पहिल्यांदाच! सगळे काम सोडून बघत उभे राहिले. त्या नादात ढलपीचा निम्मा चोथा त्यानं गिळलाही.

मी हळूच दुसरी फळी उलटली. तिच्यावर काळ्या शाईत इंग्रजी अक्षरं, ओ, ए, के. आपण दहावी पास. हे विलायती झाड मला इंग्रजीच्या धड्यात भेटलं होतं. इतक्या वर्षांनी आलेली संधी! कुणी मधे बोलायच्या आत मी पोटातून ओरडलो,

"ओक!"

जनूदादा पांढराफटक पडला. त्यानं दोन बोटं घशात घातली आणि सकाळची भाकरी-सुकट काट्यावर ओकून टाकली.

वखारीचे शेठ धावत बाहेर आले. काय झालं म्हणून विचारायला लागले. जनूदादानं चूळ भरली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"शेठ, आज ह्यो नसता तं मी गेलो व्हतो. इतकं इखारी लाकूड, मला वळखता न्हाय आलं. ह्यानं नुसतं बघून वळखलं."

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी फळी पालथी घातली.