फ्रीजचं दार

आमच्या वसईच्या फ्लॅटमध्ये फ्रीज एकच, आणि त्याच्या खालच्या दोन फळ्या माझ्या. तिथे कोऱ्या फिल्मचे डबे असत, कडेने चिकटपट्टी लावलेले, वर प्लास्टिकची पिशवी. कोरी फिल्म दुधासारखी. उन्हाळ्यात बाहेर राहिली की नासते, फक्त वास येत नाही. कळतं ते फिल्म धुऊन आल्यावर, तेव्हा कपाळाला हात लावायचा.

त्या मे महिन्यात पाचूबंदरच्या कोळणींवर माहितीपट करायचा होता. कॅमेरा पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हाती. निर्मात्याने डबे देतानाच बजावलं होतं, ही खराब झाली तर दुसरी मिळणार नाही. दुसरं कामही मिळणार नाही, हे त्याने वेगळं सांगायची गरज नव्हती. मी आईला ताकीद दिली, लाईट गेली की फ्रीज उघडायचा नाही. वसईत लाईट रोजच जायची.

"ठेव बाई, तुझा सिनेमा ठेव," आई म्हणाली. "भाजी मी डोक्यावर घेऊन बसते."

शूटिंगच्या आदल्या दिवशीच दादरहून मंडळी मला बघायला आली. लग्नाची घाई मला नव्हती, आईला होती. पहाटेपासून खपून तिने श्रीखंड केलं, कोकम सरबत केलं, सगळं फ्रीजमध्ये ठेवलं. मंडळी जिना चढत होती आणि लाईट गेली.

आईने सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, पुढे केली, माठातलं पाणी दिलं आणि चहा टाकला. मुलाची आत्या पदराने वारा घेत फ्रीजकडे बघत होती.

"थंड काही नाही का हो?"

मी उठणार एवढ्यात आईच उठली आणि फ्रीजला पाठ लावून उभी राहिली.

"आहे ना. पण लाईट येईपर्यंत दार उघडता येणार नाही. आत हिची फिल्म आहे."

आत्याबाई हसल्या. त्यांना थट्टा वाटली. आई हसली नाही, हललीही नाही. मग त्यांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "आणि लग्नानंतर हे डबे कुठे ठेवणार?"

"तुमच्या फ्रीजमध्ये," मी म्हणाले.

मुलगा बिचारा खाली बघून हसला. बाकीच्यांनी चहा अर्धा ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. नकार येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. आई कप विसळायला गेली. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी कप पुसत राहिले.

फिल्म पुढे स्वच्छ निघाली. त्यानंतर मी वीस वर्षं कॅमेरा केला.

पण त्या दिवशी संध्याकाळी लाईट आली तेव्हा आईने श्रीखंडासाठी दोनच वाट्या काढल्या, फ्रीजच्या मुठीला हात लावला, आणि थांबून मला विचारलं, "आता उघडू का गं?"